कोथेनची वही : बाखने आपल्या मुलाला दोन आवाज कसे शिकवले

२२ जानेवारी १७२० रोजी, जर्मनीतल्या कोथेन या छोट्या राजधानीत, योहान सेबास्टियान बाखने एक कोरी वही उघडली. ती थोरल्या मुलासाठी होती. मुलाचे नाव विल्हेल्म फ्रीडमान, आणि त्या दिवशी तो बरोबर नऊ वर्षे दोन महिन्यांचा होता. पहिल्या पानावर मुलाचे नाव, गाव आणि तारीख लिहून बाखने शिकवायला सुरुवात केली. पुढच्या तीनेक वर्षांत त्या वहीत जे साठत गेले, त्यातूनच आलेले दोन आणि तीन आवाजांचे (एकाच वेळी चालणाऱ्या स्वतंत्र चालींचे) तीस तुकडे आज जगभर ‘इन्व्हेन्शन्स’ आणि ‘सिंफोनिया’ म्हणून वाजवले जातात. पियानो शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला कधी ना कधी त्यांच्यातून जावे लागते.

एका बापाने एका मुलाला कसे शिकवले, याचा इतका सविस्तर लेखी पुरावा संगीताच्या इतिहासात फार क्वचित सापडतो. वही आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संगीत ग्रंथालयात आहे. तीत दोघांचीही अक्षरे आहेत, बापाचे आणि मुलाचेही. म्हणून हे प्रकरण नीट उलगडून पाहावेसे वाटते. त्यातून माझ्यापुरते एक ठाम मत तयार झाले आहे: हे तुकडे बोटांचा व्यायाम म्हणून शिकवणे म्हणजे त्यांचा अर्धा भाग फेकून देणे. रचना कशी करावी हे मुलाला कळावे म्हणून ते लिहिले गेले. बोटे तयार होणे हा त्याच कामाचा दुसरा हिस्सा होता.

घर आणि दरबार

१७१७ च्या अखेरीपासून बाख कोथेनच्या राजपुत्र लिओपोल्डच्या दरबारात संगीतप्रमुख होता. दरबार कॅल्व्हिनपंथी, त्यामुळे चर्चमध्ये थाटामाटाचे संगीत नव्हते. राजपुत्राला स्वतःला वाद्यसंगीताची आवड होती. बाखच्या वाद्यरचनांपैकी पुष्कळशा या काळातल्या आहेत, त्याचे कारण हेच. घरात मुले वाढत होती आणि नोकरीत चर्चच्या दर आठवड्याच्या रचनांचा तगादा नव्हता, म्हणून शिकवायला सवड होती.

वही सुरू झाल्यावर सहा महिन्यांतच, जुलै १७२० मध्ये, फ्रीडमानची आई मारिया बार्बरा वारली. बाख तेव्हा राजपुत्राबरोबर कार्ल्सबादला गेला होता. तो परतला तेव्हा तिला पुरूनही झाले होते. पुढच्या वर्षी डिसेंबरात त्याने आना माग्डालेना या गायिकेशी लग्न केले. या सगळ्यात वही बंद पडली नाही. त्या घरात काय बोलले गेले असेल ते आपल्याला ठाऊक नाही, पण संगीताचे पाठ चालू राहिले एवढे वही सांगते.

वहीतला क्रम

सुरुवात अगदी मुळापासून आहे. आधी निरनिराळ्या क्लेफमध्ये (कुठल्या ओळीवर कुठला स्वर हे ठरवणाऱ्या खुणा) स्वर कुठे लिहितात त्याचा तक्ता. मग अलंकरणाच्या खुणांचा तक्ता: ट्रिल (शेजारच्या सुराशी जलद अदलाबदल), मॉर्डंट (शेजारच्या सुराला चाटून परत येणे), त्यांची मिश्रणे, आणि प्रत्येक खूण प्रत्यक्ष कशी वाजवायची ते खाली स्वरांत लिहिलेले. हा तक्ता फ्रेंच हार्पसिकॉर्डवादक दांग्लबेर याच्या १६८९ च्या तक्त्याच्या वळणाचा आहे. त्यानंतर ‘अप्लिकाशिओ’ नावाचा सी मेजरमधला (सी ला षड्ज मानून शुद्ध स्वरांतला) छोटा तुकडा येतो. त्यात प्रत्येक स्वरावर बोटाचा आकडा आहे, आणि उजव्या हाताच्या चढत्या सप्तकावर तीन-चार-तीन-चार असे आकडे पाहून आजचा विद्यार्थी बुचकळ्यात पडतो. मधले बोट अनामिकेवरून पलीकडे टाकत जायचे ही जुनी रीत. अंगठा खालून सरकवण्याची आजची पद्धत तेव्हा रुळायची होती, आणि ती रुळवण्यात बाखचाच मोठा हात होता. त्याचा दुसरा मुलगा कार्ल फिलिप इमान्युएल याने १७५३ च्या आपल्या ग्रंथात वडिलांची आठवण लिहिली आहे: त्यांच्या तरुणपणी मोठमोठे वादकसुद्धा अंगठा फक्त लांब अंतरासाठी वापरत. म्हणजे नव्या रीतीचा हा माणूस मुलाला आधी जुनी रीत शिकवत होता. मला हे महत्त्वाचे वाटते. जुनी बोटे सुरांच्या जोड्या आपोआप पाडतात, एक वजनदार आणि एक हलका, आणि तो उच्चार कानात बसल्यावर मग अंगठ्याची सोय आली तरी उच्चार सपाट होत नाही.

त्यापुढे काही छोटी प्रिल्यूड्स (मोकळ्या बांधणीचे प्रास्ताविक तुकडे), दोन कोराल (चर्चची स्तोत्रगीते), नृत्यांचे तुकडे. मग बाखच्याच ‘वेल-टेम्पर्ड क्लाविअर’ या संग्रहाच्या पहिल्या भागातली अकरा प्रिल्यूड्स, त्यातली काही अजून कच्च्या रूपात. आणि मग पंधरा ‘प्रेआम्बुलुम’ दोन आवाजांचे, त्यानंतर टेलेमान आणि श्टोल्त्सेल या समकालीन रचनाकारांच्या रचना, आणि शेवटी ‘फँटेसिया’ तीन आवाजांचे. हे प्रेआम्बुलुम आणि फँटेसिया म्हणजेच पुढची इन्व्हेन्शन्स आणि सिंफोनिया. तीन आवाजांच्या तुकड्यांपैकी डी मेजरचा वहीत अपुरा आहे आणि सी मायनरचा नाहीच.

अधूनमधून फ्रीडमानच्या हातची पाने येतात. त्यातली काही त्याची स्वतःची रचना असावी असे बऱ्याच अभ्यासकांना वाटते. एक तर सरळसरळ बापाच्या सी मेजर प्रिल्यूडचा ढाचा घेऊन पुढे स्वतःच्या वाटेने जाऊ पाहणारे आहे. नमुना समोर ठेवायचा, तो हाताने उतरवायचा, वाजवायचा, आणि मग तसाच एक स्वतः करून पाहायचा, हा धडा त्या पानांत स्पष्ट दिसतो. बाखने लहानपणी स्वतः असेच शिकून घेतले होते. त्याच्या १७५४ साली छापलेल्या मृत्युलेखात हकिगत आहे की ओर्डरूफला थोरल्या भावाकडे असताना, भावाने कपाटात ठेवलेला मोठ्या रचनाकारांचा संग्रह त्याने जाळीतून हात घालून काढला आणि चंद्राच्या उजेडात सहा महिने बसून उतरवला.

अडचण नेमकी काय होती

आपल्याकडच्या वाचकासाठी इथे थोडे थांबायला हवे. आपल्या रागसंगीतात एक स्वररेषा चालते, खाली तानपुरा असतो, आणि साथीला कोणी असेल तर तो गायकाच्या मागे जातो. पाश्चात्त्य संगीतातही पुष्कळदा एक हात चाल वाजवतो आणि दुसरा कॉर्डचा आधार देतो. काउंटरपॉइंट हा तिसरा प्रकार. त्यात दोन किंवा अधिक चाली एकाच वेळी चालतात, प्रत्येक चाल स्वतंत्रपणे गाता येईल अशी असते, आणि त्या एकमेकींवर टेकतानाही कुठली चाल मुख्य आणि कुठली साथीची असे राहत नाही.

वाजवणाऱ्याला यात दुहेरी पेच आहे. डावा हात जन्मभर उजव्याचा नोकर म्हणून वागलेला असतो. त्याला अचानक बरोबरीने बोलायला सांगायचे. आणि कानाला, म्हणजे खरे तर लक्षाला, एकाच वेळी दोन वाक्ये ऐकायला लावायची. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला हे कसे द्यावे? त्या काळचे पुस्तकी उत्तर तयार होते: एका स्वरासमोर एक, मग एकासमोर दोन, मग चार, असे नियमांचे कोरडे जिने. १७२५ साली व्हिएन्नात फुक्स या संगीतकाराने त्या पद्धतीचा जो ग्रंथ काढला तो पुढे शतकभर पाठ्यपुस्तक म्हणून चालला. बाखने तो रस्ता घेतला नाही. हे कार्ल फिलिपच्याच १७७५ च्या पत्रातून कळते: वडील विद्यार्थ्यांना फुक्स वगैरेंचे रूक्ष प्रकार शिकवत नसत, चार आवाजांच्या शुद्ध थरो-बेसपासून (खालच्या सुरावरचे आकडे पाहून वरचे आवाज भरणे) सुरुवात करत आणि मग कोरालकडे वळत, फ्यूग (एकच वाक्य आवाजाआवाजांत पाठलाग करत फिरते ती रचना) शिकवताना मात्र आधी दोन आवाजांचे देत.

दोन आवाज कसे द्यायचे, याचे उत्तर या वहीत आहे.

पहिला तुकडा, सरगममध्ये

सी मेजरचे पहिले इन्व्हेन्शन घेऊ. एकूण बावीस बार (तालाचे छोटे खंड), दीड-दोन मिनिटांचे काम. सी ला सा मानले तर त्याची सगळी सामग्री आपल्या लिपीत एका ओळीत लिहिता येते:

सा रे ग म रे ग सा प

हार्मोनियमवर हे कोणीही काढू शकेल. पलट्यांच्या वहीतून उचलल्यासारखी ओळ आहे, चार सूर सरळ चढ, मग दोन तिसऱ्या अंतराच्या उड्या, आणि शेवटी पंचमावर झेप. पण सुरुवात ठोक्यावर नाही. ठोक्याचा पहिला पाव भाग मोकळा आहे आणि सा त्यानंतर येतो. या एवढ्याशा रिकाम्या जागेमुळे ओळ श्वास घेऊन निघते. विद्यार्थी ती जागा खातात आणि तुकडा तिथेच मरतो.

उजवा हात पंचमाला पोचतो तोच, अर्ध्या बारानंतर, डावा हात एक सप्तक खाली तीच ओळ म्हणू लागतो. त्याच वेळी वरचा आवाज गप्प बसत नाही, तो प सां नि सां असे संथ चार सूर वाजवतो, निषादावर छोटासा मॉर्डंट. दुसऱ्या बारात हीच ओळ पंचमावरून निघते: प ध नि सां ध नि प रें. डावा हात पुन्हा मागोमाग. इथपर्यंत मुलाला दोन गोष्टी कळतात, की एकाच वाक्याची जागा बदलता येते, आणि दोन्ही हातांना तेच बोलता येते.

तिसऱ्या आणि चौथ्या बारात खरी गंमत उघडते. उजवा हात आता म्हणतो:

ध प म ग प म ध
म ग रे सा ग रे म
रे सा नि ध सा नि रे
नि ध प म॑ ध प नि

पहिली ओळ मूळ वाक्यातल्या पहिल्या सात सुरांचे आरशातले रूप आहे. जिथे चढ होता तिथे उतार, जिथे खाली उडी होती तिथे वर. आणि हे उलटे वाक्य चार वेळा, दर वेळी दोन सूर खालून, एकाच झोकात येते. चौथ्या वेळी मध्यम तीव्र झाला आहे. हा एकच सूर सांगतो की घर बदलायला निघाले आहे, आता पंचम हा नवा षड्ज होणार. त्या क्षणी डावा हात काय करतो? अर्ध्या-अर्ध्या ठोक्याच्या सुरांच्या संथ चालीत नि सा रे ग, मग प ध नि सा, मग ग म॑ प ध. म्हणजे मूळ वाक्यातली पहिली चार सुरांची चढण, दुप्पट सावकाश. वर उलटे रूप जलद उतरते आहे आणि खाली सुलट रूप संथ चढते आहे, आणि दोन्ही त्याच पहिल्या सात सुरांच्या बीजातून निघाली आहेत.

हे सगळे चार बारांत. नवीन असे काहीच आणलेले नाही. हलवणे, उलटवणे, ताणणे, हात बदलणे, एवढ्यावर मजकूर वाढत जातो. आपल्या गाण्यात बंदिशीच्या मुखड्यातून बढत करतात तेव्हा जो प्रश्न असतो, थोडक्यातून पुष्कळ कसे काढायचे आणि तरी मूळ हातातून कसे सुटू द्यायचे नाही, तोच प्रश्न इथे मुलासमोर ठेवलेला आहे. फरक इतकाच की इथे उत्तर लिहून दाखवले आहे.

सातव्या बारात पंचमावर मुक्काम होतो आणि पुढचा भाग डावा हात सुरू करतो. आता तो पुढे आणि उजवा मागे. कितीतरी विद्यार्थी इथेही उजव्या हाताला जोर देत राहतात, कारण वरचा सूर म्हणजे मुख्य ही सवय. बाखने नेतृत्व बदलले आहे हे त्यांच्या लक्षातच आणून दिलेले नसते. पंधराव्या बारात मुक्काम मूळच्या धैवतावर, मायनरच्या गडद रंगात पडतो. तिथून पुढे काही बार एक आवाज लांब सूर धरून थांबतो आणि दुसरा बोलतो, मग उलट. दोघांनी आळीपाळीने ऐकायचे असते. मग परत घरी, सी मेजरला.

१७२३ ची जी स्वच्छ प्रत बाखने केली, तीत या तुकड्यावर त्याने नंतर आणखी काही सूर भरले आहेत. वाक्यातल्या ‘म रे’ आणि ‘ग सा’ या उड्या बुजवून ‘म ग रे’, ‘ग रे सा’ असे तिहेरी केले आहे. तोच मजकूर, पण चाल वेगळीच लयदार होते. दोन्ही रूपे आज छापील प्रतींत मिळतात. मला यात शिक्षक दिसतो. ‘हे वाक्य असेही म्हणता येते’ हे त्याने कोणाला तरी तिथल्या तिथे दाखवले असावे, हा माझा अंदाज.

बाकीचे चौदा

इतरांविषयी थोडक्यात. सी मायनरमध्ये डावा हात उजव्याच्या मागे दोन बारांनी अगदी तंतोतंत चालतो, नुसते अनुकरण नव्हे तर कॅनन. एफ मेजरमध्येही पाठलाग आहे, पण एका बाराचा आणि खेळकर. ई मेजरमध्ये दोन आवाज विरुद्ध दिशांनी सरकतात आणि एक दुसऱ्याच्या अर्धा ठोका मागे असतो. वाजवायला सोपा वाटणारा हा तुकडा लयीच्या दृष्टीने अवघड आहे. डी मायनरमध्ये लांब ट्रिल आधी एका हातात येतो आणि मग दुसऱ्यात, आणि तो चालू असताना दुसऱ्या हाताने शांतपणे बोलत राहायचे असते. एफ मायनरमध्ये सुरुवातीलाच दोन वेगवेगळी वाक्ये एकत्र सुटतात आणि लगेच हात बदलतात. वरचे खाली, खालचे वर, तरी जुळणी शुद्ध राहते. याला दुहेरी काउंटरपॉइंट म्हणतात. पुस्तकातून शिकायला महिने लागतात. इथे मुलगा ते बोटांनी आधी शिकतो आणि नाव नंतर.

क्रमाची साक्ष

बाखचा पहिला मोठा चरित्रकार फोर्केल, याचे पुस्तक १८०२ चे. त्याने बाखला पाहिले नव्हते, पण फ्रीडमान आणि कार्ल फिलिप या दोघांशी त्याचा संबंध होता. तो लिहितो की बाख नव्या विद्यार्थ्यांकडून कित्येक महिने फक्त सुटे स्वरसमूह घोटवून घेई, स्पर्श स्वच्छ व्हावा म्हणून. कोणी कंटाळले तर तो व्यायाम छोट्या तुकड्यांत गुंफून देई, आणि इन्व्हेन्शन्स अशीच धडा चालू असताना, विद्यार्थ्याची त्या क्षणाची गरज पाहून लिहिली गेली.

पहिला भाग मला पटतो. दुसरा पूर्ण पटत नाही, आणि त्याचे कारण वहीतच आहे. प्रेआम्बुलुमांचा क्रम पाहा: सी मेजर, डी मायनर, ई मायनर, एफ मेजर, जी मेजर, ए मायनर, बी मायनर. पांढऱ्या पट्ट्यांवरून एकेक पायरी वर. मग परतीचा प्रवास: बी फ्लॅट मेजर, ए मेजर, जी मायनर, एफ मायनर, ई मेजर, ई फ्लॅट मेजर, डी मेजर, सी मायनर. चढताना सोप्या स्केल, उतरताना उरलेल्या आणि जास्त शार्प-फ्लॅटच्या. चारपेक्षा अधिक शार्प किंवा फ्लॅट असलेली एकही स्केल नाही. तीन आवाजांच्या तुकड्यांनाही हाच क्रम. धड्याच्या वेळी सुचेल तसे लिहिणाऱ्याच्या हातून असा आराखडा निघत नाही. काही बीजे धड्यात सुचली असतील, पण या मुलाला आज कुठे उभे करायचे आणि वर्षाने कुठे, हे बापाने आधी ठरवले होते.

१७२३ च्या प्रतीत क्रम बदलला. आता सी मेजर, सी मायनर, डी मेजर, डी मायनर असे सरळ चढत जाते. काही तुकडे सुधारले. नावेही बदलली, दोन आवाजांचे ‘इन्व्हेन्शिओ’ आणि तीन आवाजांचे ‘सिंफोनिया’. ही प्रत बर्लिनच्या राज्य ग्रंथालयात आहे. याच वर्षी बाख लाइपत्सिगच्या सेंट थॉमस शाळेत कँटर (संगीतप्रमुख) म्हणून गेला, जिथे शिकवणे हा नोकरीचा भाग होता. आपण शिक्षक म्हणून काय करू शकतो हे दाखवायला ही स्वच्छ प्रत तयार झाली असावी, असे अनेक अभ्यासक मानतात.

तिच्या मुखपृष्ठावर बाखने उद्देश लांबलचक वाक्यात लिहिला आहे. त्याचा आशय असा: क्लाविअरच्या (पट्ट्यांच्या वाद्याच्या) चाहत्यांना, विशेषतः शिकू इच्छिणाऱ्यांना, आधी दोन आवाज स्वच्छ वाजवायची आणि पुढे तीन आवाज नीट हाताळायची वाट इथे दाखवली आहे. त्याबरोबरच चांगल्या कल्पना मिळवाव्यात आणि त्या नीट वाढवाव्यात. सर्वांत मुख्य म्हणजे गात्या शैलीत वाजवायला यावे आणि रचनेची जोरदार गोडी आधीच लागावी.

या यादीत वेग कुठेच नाही. बोटांची ताकद नाही. ‘स्वच्छ’, ‘गाते’, आणि दोनदा रचना.

आणखी एक विद्यार्थी

फ्रीडमानपुरतेच हे होते का? नाही. हाइनरिख निकोलाउस गेर्बर हा १७२४ मध्ये लाइपत्सिगला कायदा शिकायला आला आणि बाखकडे शिकू लागला. त्याच्या मुलाने १७९० च्या आपल्या संगीतकोशात वडिलांची हकिगत दिली आहे. पहिल्याच धड्याला बाखने इन्व्हेन्शन्स समोर ठेवली. ती पुरी झाल्यावर सूट्स (नृत्यांच्या मालिका), आणि मग वेल-टेम्पर्ड क्लाविअर, जो बाखने स्वतः त्याला तीन वेळा पूर्ण वाजवून दाखवला. गेर्बर सांगे की शिकवायचा मूड नाही असे निमित्त करून गुरू वाद्यावर बसे आणि तास मिनिटांसारखे उडून जात, ते आयुष्यातले सर्वांत सुखाचे तास. आपल्याकडे तालमीत गुरू गात बसले की शिष्याला जे मिळते, ते यापेक्षा वेगळे नसावे.

इन्व्हेन्शन्स बाखच्या हयातीत छापली गेली नाहीत. ती छापून आली १८०१ च्या सुमारास. तोवर विद्यार्थी ती हाताने उतरवत. उतरवताना प्रत्येक सूर कुठल्या आवाजाचा आहे हे कळल्याशिवाय लिहिलेल्या सुराची शेपटी वर काढायची की खाली हेच ठरत नाही. छापील प्रत हातात आली आणि शिकण्याची ही एक पायरी निघून गेली. पुढे एकोणिसाव्या शतकात पियानोशिक्षक चेर्नीने आपल्या आवृत्तीत गती, जोर, बोटे सगळे घातले. बाखच्या प्रतीत यातले जवळजवळ काहीच नाही. मोठ्या कष्टाने केलेले काम होते ते, पण त्यामुळे विद्यार्थ्याने स्वतः घ्यायचे निर्णय आधीच घेतलेले मिळू लागले.

आजच्या वर्गात

मुंबई, पुणे, गोवा इथे पियानो शिकणारी बहुतेक मुले परदेशी मंडळांच्या परीक्षा देतात, आणि इन्व्हेन्शन्स मधल्या-वरच्या पातळ्यांवर येतात. परीक्षेला तीन-चार तुकडे लागतात म्हणून एक इन्व्हेन्शन महिनोन्‌महिने घासले जाते. दोन्ही हात वेगळे, मग एकत्र, मग मेट्रोनोम. मुलगी ते वाजवते, बरे वाजवते, आणि तिला विचारले की डावा हात तिसऱ्या बारात काय म्हणतो आहे, तर ती गोंधळते. तो काही म्हणतो आहे हेच तिला कोणी सांगितलेले नसते. यात मुलीचा काय दोष!

मी शिकवताना आता वाद्यावर बसण्याआधी एक आवाज गाऊन घेते, सरगममध्ये. मराठी घरातल्या मुलांना सरगम बहुतेक वेळा थोडीफार येतेच, आणि सा रे ग म रे ग सा प एकदा तोंडात बसले की उलटे रूप ती स्वतः ओळखतात. मग एक आवाज गायचा आणि दुसरा वाजवायचा. मग अदलाबदल. हे हार्मोनियमवरही होते. भात्याला एक हात लागतो म्हणून दोन्ही आवाज एकट्याला वाजवता येत नाहीत, पण एक गाऊन एक वाजवणे हे दोन हातांनी वाजवण्यापेक्षा अवघड आणि जास्त फळ देणारे आहे. त्यानंतर मूळ सात सुरांऐवजी दुसरे सात सूर घेऊन स्वतः चार बार लिहायला सांगते. मुले जे लिहितात ते बहुधा ओबडधोबड असते. फ्रीडमानच्या पानांतही खाडाखोड आणि अडखळणे आहेच. पण ज्या मुलाने एकदा स्वतः एक वाक्य उलटवून खालच्या आवाजात बसवले, ते बाखचा तुकडा पुन्हा वाजवायला बसते तेव्हा डाव्या हाताला कुठे पुढे यायचे हे सांगावे लागत नाही.

वेळ लागतो, हे खरे. परीक्षेच्या वेळापत्रकात ते बसवणे कठीण आहे, आणि पालकांना समजावणे त्याहून. पण बाखच्या घरातही हे काम काही आठवड्यांत उरकले नव्हते.

तिसरा आवाज

दोन आवाजांकडून तीनकडे जाताना पेच शरीराचाच बदलतो. हात दोन आणि आवाज तीन. मधला आवाज कधी उजव्याच्या अंगठ्याकडे असतो, कधी डाव्याच्या, आणि वाक्याच्या मध्येच एका हातातून दुसऱ्यात जातो. ऐकणाऱ्याला सांधा कळता कामा नये. इथे हात आणि आवाज यांची जोडी कायमची तुटते, आणि आवाज हा बोटांत नसून मनात असतो हे वादकाला मान्य करावेच लागते. सिंफोनियांपैकी एफ मायनरची रचना मला सर्वांत थोर वाटते. खाली अर्ध्या-अर्ध्या सुरांनी उतरणारा शोकाचा बेस, वर उसासे टाकल्यासारखी तुटक वाक्ये, तिसरे वाक्य त्यांच्यामधून वाट काढणारे, आणि तिन्ही वाक्ये तिन्ही जागा बदलत राहतात. शिकवण्यासाठी लिहिलेल्या संग्रहात इतके दुःख ठेवायला धैर्य लागते.

फ्रीडमान पुढे ड्रेस्डेन आणि मग हाल्ले इथे ऑर्गनवादक झाला. उत्स्फूर्त वादनात त्याच्यासारखा कोणी नाही असे लोक म्हणत. १७६४ मध्ये त्याने हाल्लेची नोकरी सोडली आणि उरलेले आयुष्य पैशांच्या ओढाताणीत काढले. वडिलांकडून वाट्याला आलेली हस्तलिखितेही त्याने विकली. १७७८ साली, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, बर्लिनमध्ये असताना त्याने आठ फ्यूग प्रशियाची राजकन्या आना अमालिया हिला अर्पण केले. तिचा शिक्षक किर्नबर्गर हाही बाखचाच शिष्य होता. आठही फ्यूग तीन आवाजांचे आहेत.